साक्षीदार कक्षाची चावी

पवनानगर,
२ जुलै २०२५

सारिका,

वर 'सप्रेम नमस्कार' लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे. शाळेत एकाच बाकावर बसून आपण दोघींनी ते घोटलंय. पण आज माझ्याकडे प्रेमही नाही आणि नमस्कारही नाही. राग आहे, तोच पाठवते. फोन करत नाही, कारण फोनवर तू दोन मिनिटांत 'साहेबांनी बोलावलंय' म्हणतेस. शिवाय तूच एकदा म्हणाली होतीस, की कोर्टात तोंडी बोलण्याला काडीची किंमत नाही, कागदावर असेल तेवढंच खरं. म्हणून हा कागद.

परवा सोमवारी, ३० जूनला, आयराची तारीख होती. पाचवी. धरणाकाठच्या ज्या कॅम्पवर माझी लेक रिसेप्शनला होती, त्या कॅम्पच्या मालकाने तिच्यावर अत्याचार केला, त्याला येत्या नोव्हेंबरात दोन वर्षं होतील. तेव्हा ती एकोणीसची होती. त्याचं नाव मी या कागदावर लिहिणार नाही. तो जामिनावर आहे, कॅम्प जोरात आहे, शनिवार-रविवारी तंबू लावायला जागा नसते. माझ्याकडून भाकऱ्या घेणाऱ्या सहा कॅम्पांपैकी पाच जणांनी मात्र भाकऱ्या बंद केल्या. ते जाऊ दे, रडगाणं गायला पत्र लिहीत नाही.

नवाजने लेकीसाठी दिवसभराच्या जीपच्या फेऱ्या बुडवल्या आणि तो आम्हाला कोर्टात घेऊन आला. पावणेअकराला पोचलो. पहिल्या मजल्यावर कोर्टाबाहेर दोन बाकं आहेत, समोरासमोर. एकावर आम्ही. दुसऱ्यावर तो आणि त्याचे दोन दोस्त. मध्ये चार फूट जागा, सारिका, मी नजरेने मोजली. साडेचारपर्यंत आम्ही तसेच. तो काही बोलला नाही. बोलला असता तर तक्रार तरी करता आली असती. वडापाव खाल्ला, कागदाची छान घडी घातली, आणि आयराकडे बघत बसला. ती मागच्या दाराला टेकून बसली होती, डोळे मिटून.

त्या दारावर स्टीलची पाटी आहे. 'साक्षीदार कक्ष'. आमच्या सरकारी वकील बाई म्हणाल्या, ही खोली अशाच मुलींसाठी केलेली आहे. मुलीने तिथेच थांबायचं आणि तिथूनच पडद्यावर साक्ष द्यायची, म्हणजे आरोपीचं तोंड बघायला नको. मग ती बाहेर का बसलीय, विचारलं. तर म्हणाल्या, कुलूप आहे. मी बाकावर चढले आणि झरोक्यातून आत बघितलं. लाल फडक्यात बांधलेले कागदांचे बस्ते, थेट छतापर्यंत. त्यांच्याखाली कुठेतरी एक सोफा आहे, त्याचा एक हात तेवढा दिसला.

साडेचारला शिपायाने पुकारा केला. आयराचं नाव, बापाचं नाव, आडनाव, 'राहणार पवनानगर', सगळं बेंबीच्या देठापासून. पेपरवाल्यांना म्हणे अशा मुलीचं नाव छापायला कायद्याने बंदी आहे. आणि कोर्ट स्वतः ओरडून सांगतं! आपल्याकडचे सोपान आबा जमिनीच्या वाटणीसाठी तिथेच आले होते. संध्याकाळी आम्हाला घरी सोडून नवाज फेरीला गेला, तेव्हा कामशेतच्या स्टँडवर त्यांनी भरल्या जीपमध्ये विचारलं, "नवाज, ती लेक तुजीच व्हय रं?" नवाजने जीप तिथेच सोडली आणि तो चालत घरी आला. अकरा किलोमीटरच्या वर अंतर असेल.

आत काय झालं? त्याचा वकील दुसऱ्या कोर्टात होता. पुढची तारीख २१ ऑगस्ट. चार मिनिटं.

तू त्याच इमारतीत नोकरीला आहेस. एक जिना खाली. मला फार काही नको, एवढंच सांग: त्या खोलीची चावी कुणाकडे आहे?

जाहिदा

◆

९ जुलै २०२५

प्रिय जाहिदा,

तुझं पत्र ऑफिसात आलं. वाचताना टेबलावर डोकं ठेवून बसावंसं वाटलं, पण आजूबाजूला माणसं होती.

सोमवारी मी वर आले नाही याचा तुला राग आला असेल. त्या दिवशी तिमाही अखेर होती गं. तिमाहीची सगळी कागदपत्रं वर पाठवायची असतात, सकाळपासून मान वर करायला फुरसत नव्हती. नाहीतर आयरा आलीय म्हटल्यावर मी आले नसते का?

पुकाऱ्याबद्दल मी कोर्टातल्या क्लार्कशी बोलले. शिपायाला समज दिली आहे. पुढच्या तारखेपासून फक्त खटल्याचा नंबर पुकारतील, नाव नाही. हे मात्र नक्की झालं असं समज.

खोलीचं म्हणशील तर काही प्रशासकीय अडचणींमुळे ती सध्या वापरात नाही. कार्यवाही सुरू आहे. इमारतीचा सगळा विषय नाझर साहेबांकडे असतो.

तोवर एक सुचवते. आयराला त्या बाकावर बसवूच नकोस. इमारतीच्या मागे कॅन्टीन आहे, तिथे तो येत नाही. तिथे बसव आणि तू अधूनमधून वर डोकावत जा. रागाने जिवाला त्रास होतो, दुसरं काही होत नाही. यंत्रणा हळू चालते, पण चालते, हे मी बावीस वर्षं बघतेय.

आयराला आशीर्वाद. नवाजभाऊंना नमस्कार.

तुझी,
सारिका

◆

पवनानगर,
२ सप्टेंबर २०२५

सारिका,

तुझी यंत्रणा चालली. चालत चालत शनिवारी माझ्या दारात आली. काय घेऊन आली ते सांगते.

२१ तारखेला तू म्हणालीस तसंच केलं. आयराला कॅन्टीनमध्ये बसवलं. चहा घेतला, तिने समोसाही खाल्ला. खूप दिवसांनी तिला बाहेर काही खाताना बघितलं आणि मनात म्हटलं, सारिका आपली आहे. दोन वाजता नवाज कसल्याशा कागदाची झेरॉक्स काढायला गेला. मी म्हटलं, तोवर नाझर साहेबांना गाठते आणि चावीचं विचारते. तूच तर त्यांचं नाव दिलं होतंस.

नेमका तेव्हाच पुकारा झाला. नावाचा नाही, नंबरचा. तीनदा झाला म्हणे. कॅन्टीनमध्ये कुठला ऐकू येणार? आणि वर आमचं माणूसच नव्हतं. मी धावत पोचले तेव्हा कागदावर लिहून झालं होतं: साक्षीदार पुकारूनही गैरहजर. वकील बाई दुसऱ्या खटल्यात उभ्या होत्या. त्याचा वकील मात्र त्या दिवशी बरोबर हजर होता. म्हणाला, साक्षीदाराला खटल्यात रस दिसत नाही. सहा वेळा आलेली पोरगी, सारिका. रस!

शनिवारी पोलीस आला. आयराच्या नावाचं वॉरंट. बिचारा हवालदार लाजत होता, म्हणाला, "मावशी, मला बी बरं वाटत न्हाई, पन कागद हाय, त्याला मी काय करनार?" सगळी आळी दारात उभी. आयराने सही केली, कागद वाचला आणि हसली. मला तिच्या त्या हसण्याची भीती वाटली. म्हणाली, "अम्मी, त्याच्या घरी कधी वॉरंट गेलं नाही. माझ्या घरी आलं." आणि आत गेली. आता म्हणते, मी जाणार नाही, तुम्हाला काय करायचं ते करा. वकील बाईंनी अर्ज देऊन वॉरंट रद्द करून घेतलं, पण आयराचा निर्णय कसा रद्द करायचा? ती आली नाही तर तो सुटणार. वकील बाईंनी स्वच्छच सांगितलं, दुसरा पुरावा तेवढा नाही. तो सुटला की धरणाकाठी फटाके वाजतील आणि आम्हाला इथून बिऱ्हाड हलवावं लागेल.

आता दुसरं. नाझर काय म्हणाले ते अजून सांगितलं नाही. मी चावी मागितली तर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "माझ्याकडे कुठे आहे? दोन वर्षं झाली, ती रेकॉर्डच्या सारिका मॅडमच्या ड्रॉवरमध्ये आहे. आतले बस्ते त्यांचेच आहेत."

माझी पोरगी ज्या दाराला टेकून बसली होती, त्याची चावी तुझ्या ड्रॉवरमध्ये. आणि तू मला 'प्रशासकीय अडचणी' लिहून पाठवलंस! लाज वाटली नाही?

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पण दिलंस तर खरं दे.

जाहिदा

◆

७ सप्टेंबर २०२५, रविवार

जाहिदा,

हे घरून लिहितेय. ऑफिसच्या टेबलावर बसून खरं लिहायची सवय राहिलेली नाही.

चावी माझ्याकडे आहे. जुलै २०२३ मध्ये आमची रेकॉर्ड रूम गळायला लागली. जुन्या खटल्यांचे चारशे बारा बस्ते भिजायला आले होते. वर ही खोली नवीकोरी, सहा महिन्यांपूर्वी फीत कापलेली, आणि तेव्हा कुणी वापरत नव्हतं. मीच टिपण लिहिलं: 'आठ दिवसांकरिता तात्पुरते हलवण्यात येत आहेत.' त्याखाली माझी सही आहे. गळती काढायची मंजुरी यायला वर्ष लागलं. मग रंगकाम. मग मी विसरले. चावी ड्रॉवरमध्ये रबर आणि टाचण्यांच्या डब्यात पडून राहिली. वर कुणीतरी बाकावर बसत असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी आलं, आणि मी घाबरले.

का घाबरले तेही सांगते. दर तिमाहीला या खोलीचा अहवाल वर जातो. त्यात एक रकाना आहे: 'कक्ष कार्यान्वित आहे काय?' आम्ही काय करतो, मागचा अहवाल समोर ठेवतो, तारीख बदलतो आणि बाकीचं जसंच्या तसं उतरवतो. सगळेच तसं करतात. फीत कापली त्या तिमाहीत 'होय' लिहिलं होतं. तेव्हापासून 'होय'च जातंय. नऊ वेळा. शेवटचा अहवाल ३० जूनचा. तो मी लिहिला.

तुला कॅन्टीनचा सल्ला दिला तो चांगल्या मनाने दिला, पण पूर्ण चांगल्या मनाने नाही. आयरा त्या दारासमोर बसू नये असं मला वाटत होतं, तिच्यासाठी आणि माझ्यासाठीही. हे लिहिताना माझा मलाच तिटकारा येतोय.

आता मी एक करते. येत्या दोन आठवड्यांत खोली रिकामी करून घेते, स्वतः उभी राहून. १३ ऑक्टोबरला आयराची तारीख आहे, त्या दिवशी खोली उघडी असेल. पण तुझ्या पाया पडते, लेखी तक्रार करू नकोस. माझी चौकशी लागेल. ह्यांची नोकरी गेल्यापासून घर माझ्यावर आहे, तेजल बारावीला आहे. तोंडी काय ते आपण बघून घेऊ. काम झालं म्हणजे झालं ना?

सारिका

◆

पवनानगर,
१२ सप्टेंबर २०२५

सारिका,

नाही. काम झालं म्हणजे झालं नाही.

मागच्या महिन्यात त्या कॅम्पवाल्याची आत्या सरुबाई आमच्याकडे आली होती. ओटीवर बसली, पाणी प्यायली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "लेकी, लिवून काय देऊ नगंस. तोंडी मिटवू. तुमाला बी हितंच ऱ्हायचंय." तिला मी हाकलून दिलं. तू तेच म्हणतेस, फक्त शुद्ध मराठीत.

तेजलचं नाव वाचून मी थांबले. ती पोटात असताना तुझ्या डोहाळजेवणाला मी शिरखुर्मा घेऊन आले होते. तिचं वाईट व्हावं असं माझ्या मनात कधी येणार नाही. पण तेजल बारावीला आहे ना? आयराने बारावीनंतर शाळा-कॉलेज सोडून नोकरी धरली होती, पुढच्या वर्षी पैसे जमवून नर्सिंगला जायचं म्हणून. तुझी लेक लेक, आणि माझी साक्षीदार?

तुझं पत्र मी आयराला वाचून दाखवलं. सगळं नाही, खोलीपुरतं. ती म्हणाली, "मावशींनी माझ्यावर उपकार म्हणून खोली उघडली तर मी जाणार नाही. माझ्यानंतरच्या मुलीला परत कुलूपच मिळेल. खोली माझी आहे म्हणून उघडली तर जाईन." एकवीस वर्षांची पोर बोलतेय हे, सारिका, आणि आपण दोघी पंचेचाळीसच्या.

तेव्हा तू लिही. मी नाही. जज्ज साहेबांना लिही, की बस्ते कुणी ठेवले, किती दिवस ठेवले, आणि नऊ वेळा 'होय' कुणी लिहिलं. सुरुवात तुझ्या सहीने झाली, शेवटही तुझ्याच सहीने होऊ दे. महिनाअखेरपर्यंत तुझ्या कागदाची नक्कल मला मिळाली नाही, तर मी लिहीन. माझं मराठी अजून चांगलं आहे, तुला माहीत आहे.

जाहिदा

◆

२६ सप्टेंबर २०२५

जाहिदा,

सोबत नक्कल जोडली आहे. वर आवक क्रमांक आणि शिक्का आहे, बघून घे.

साहेबांनी टिपण दोनदा वाचलं. संध्याकाळी मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. खोली रिकामी करण्याचा लेखी आदेशही त्याच संध्याकाळी निघाला, आणि पुढे ती दुसऱ्या कशासाठी वापरू नये असंही त्यात आहे. पुकाऱ्याच्या वेळी साक्षीदार कुठे बसलाय हे शिपायाने जाऊन बघायचं, हे आता लेखी झालंय.

चारशे बारा बस्ते मी आणि झाडणाऱ्या आक्काबाईंनी चार दिवसांत उतरवले. हमाल मागितला असता तर मंजुरीला वेळ गेला असता. आक्काबाई दर फेरीला म्हणत होत्या, "म्याडम, आधी सांगितलं आस्तं तर कवाच केलं आस्तं की ओ." मी पुढचा बस्ता उचलत होते.

सोफा ठीक आहे. धुऊन घेतलाय.

सारिका

◆

पवनानगर,
१६ ऑक्टोबर २०२५

सारिका मावशी,

मी आयरा. अम्मीला न विचारता लिहितेय. तुमची पत्रं तिने पिठाच्या डब्यामागे ठेवली होती. सगळी वाचली. मला वाचून दाखवलं नव्हतं ते पण.

माझी साक्ष झाली. चाळीस मिनिटं लागली. चाळीस मिनिटांच्या कामाला मला सात वेळा बोलावलं. पडद्यावर जज्ज साहेब आणि वकील दिसत होते, तो दिसत नव्हता. त्याच्या वकिलाने जे विचारायचं ते सगळं विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. एकदा आवाज गेला तेव्हा साहेबांनी थांबायला सांगितलं. मी पाणी प्यायले आणि परत सुरू केलं. भिंतीवर अजून बस्त्यांचे लाल डाग आहेत, उंच छतापर्यंत. बोलताना मी त्यांच्याकडेच बघत होते.

निकाल काय लागेल ते मला माहीत नाही. अब्बा म्हणतात, "तू बोललीस ना, माझ्यापुरता निकाल लागला." मला तसं वाटत नाही. मला तो तुरुंगात हवा आहे.

तुम्हाला नोटीस आली याचं मला वाईट वाटलं. अम्मी तर त्या रात्री जेवली नाही, तुम्हाला सांगणार नाही पण. तरी मी तुम्हाला माफ केलं असं लिहिणार नाही, कारण तसं झालेलं नाही. तुम्ही वाईट आहात असं मला वाटत नाही. त्यानेच जास्त राग येतो. वाईट माणसाचा राग कसा करायचा ते मला आता येतं. तुमचा कसा करायचा ते कळत नाही.

एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. ३० जूनला दिवसभर मी त्या दाराला पाठ टेकून बसले होते. समोर तो. त्याच दिवशी, त्याच इमारतीत, माझ्या पायाखालच्या मजल्यावर बसून तुम्ही लिहिलंत की खोली चालू आहे. किती वाजता लिहिलंत मावशी? मी तेव्हा डोळे मिटून आकडे मोजत होते. शंभर झाले की परत एकपासून. तुम्ही लिहिलंत तेव्हा मी कितीवर होते?

उत्तर नको. डिसेंबर अखेरीला तुम्ही किंवा तुमच्या जागी जे कुणी असेल ते परत तो कागद भरायला घेईल. मागचा अहवाल समोर ठेवू नका. जिना चढून वर या. बाकावर कुणी मुलगी बसलीय का ते बघा. बसलेली असेल तर 'नाही' लिहा.

आयरा